लहान मुलांची सुट्टी: एकाच गावी मुक्काम की अख्खं कोकण?

निवांत_नेत्रा
ऑफिसच्या ग्रुपवर मे महिन्याचा एक बेत फिरतोय. पाच दिवसांत हरिहरेश्वर, मुरूड-हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, आणि बरोबर पहिली-दुसरीतली पोरं. वाचूनच गाडी लागली मला! मुलं दहाच्या आतली असतील तर एक गाव धरावं आणि तिथंच पाय पसरावेत, असं माझं मत. उदाहरणार्थ गुहागर. रेल्वेने चिपळूणला उतरायचं, पुढे साधारण ४५ किलोमीटर एसटीने किंवा गाडी ठरवून. वाडीतली खोली घ्यायची, मागच्या दारी समुद्र. सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी झोप नाहीतर पत्ते. फारच चुळबुळ झाली तर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ. मोटारी, स्कूटर, माणसं सगळी एकाच बोटीत चढतात, हे बघितल्यावर मुलांना त्या दिवशी दुसरं काही लागत नाही. भांडा आता.

चाकावरचा_बाबा
भांडतो. रजा मोजून मिळते, ती एका वाडीत पत्ते कुटण्यात घालवायची? मुलं गाडीत झोपतात, उतरली की टवटवीत. माझा मुलगा सहावीत आहे, त्याला सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय. आणि पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणजे मे हुकला की थेट दिवाळी.

निवांत_नेत्रा
सहावीतल्याला खुशाल न्या. मी दहाच्या आतलं म्हटलंय. पण मग मालवणलाच राहा ना, रोज सकाळी बॅगा का भरायच्या?

माहेरवाशीण
तुम्ही दोघंही एक विचारत नाही आहात: ताण कुणाचा कमी? एका जागी घर घेतलं की त्यात ओटा आला. मग कुणीतरी प्रेमाने म्हणतं, "पिठलं-भात इथंच टाकू की, बाहेर कशाला खर्च!" टाकणार कोण, हे सांगायला नकोच. टूरमध्ये निदान ताट समोर येतं. बॅगा भरणं परवडलं.

गुहागरकर_मुंबईत
ताई, ओटा नसलेली खोलीच घ्या. जेवण घरगुती खानावळीत, फक्त आदल्या रात्री सांगून ठेवायचं. ऐनवेळी जाऊन मोदक मागितलेत तर हसतील.

बाबांसाठी वेगळा मुद्दा. हेदवीची बामणघळ ऐकली असेल. कातळाच्या भेगेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं, पण ते भरतीला. ओहोटीला गेलात तर नुसती चीर बघून परत. धावत्या सहलीला समुद्राच्या वेळा कुठून सांभाळता येणार? राहणाऱ्याला येतात. जुना ढोबळ हिशेब असा की पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठला. दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. मुलांना पाण्यात न्यायचं ते भरती चढत असताना, तेही गुडघ्याखालीच आणि गावातल्या माणसाला विचारून. ओहोटीचं पाणी आत ओढतं. घळीच्या काठावर मात्र मूल सोडू नका, हात धरूनही पुढे नेऊ नका.

चाकावरचा_बाबा
तिथीचं आवडलं, वहीत लिहून घेतो. पण मेमधल्या घामाचं काय? दुपारी वीज गेली की तुमचा निवांतपणा पंख्याबरोबर बंद. आम्ही तेव्हा एसी गाडीत असतो!

माहेरवाशीण
आणि हायवेवरच्या डायव्हर्शनला "आई, किती वेळ?" ऐकत असता. मे हवाच कशाला? नाताळात जा की.

निवांत_नेत्रा
नाताळ मला चालेल, हवाही बरी असते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठाला मोबाईल हातात घेऊन बसायचं.

चाकावरचा_बाबा
आणि ३१ डिसेंबरच्या आठवड्यात समुद्राकाठी खोली मिळेल, तीही ओटा नसलेली? मिळाली तर भाव इथं टाका. मग माझ्या डिझेलच्या खर्चाशी ताडून बघू.