वस्तीवरच्या माळवदाच्या घराचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न (वस्तीकर, मंगळवेढा)
आमचे घर गावठाणात नसून शेतातल्या वस्तीवर आहे. चौकाभोवती दोन सोपे (ओसरीसारखी दालने) आणि वर पांढऱ्या मातीचे सपाट छत, म्हणजे माळवद, अशी त्याची बांधणी आहे. ते खापरपणजोबांनी बांधले असे वडील सांगतात. आजी मात्र म्हणत असे की मोठ्या दुष्काळात विहीर खोदली गेली आणि नंतर तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे पणजोबांनी, घर उभे केले. सोप्याच्या भिंतीत बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी, आहे. १९७२ साली त्याच्या तळाची ज्वारी आजीने हाताने खरवडून काढलेली वडिलांनी पाहिली आहे. पश्चिमेकडचा सोपा आता उतरवावा लागणार आहे. त्याआधी खरे काय ते मला लिहून ठेवायचे आहे, परंतु सातबाऱ्यावर घराचा उल्लेखच नाही.

उत्तर (भीमाकाठ)
सातबारा हा जमिनीचा कागद असल्यामुळे त्यावरून घराचे वय निघणार नाही, माणसांचा क्रम मात्र निघेल. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, त्यामुळे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, त्यामागे जात नाहीत. जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर नवे गट नंबर पडले असल्यास आधी जुना सर्व्हे नंबर शोधावा आणि त्यावरून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून वारसनोंदींच्या नकला घ्याव्यात. जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी कोतवाल बुकही अवश्य पाहावे.

उत्तर (जुने वाडे)
आजीचा ‘मोठा दुष्काळ’ कोणता, हे आधी ठरवायला हवे. सोलापूर जिल्ह्याने १८७६-७८ आणि १८९६-९७ असे दोन्ही दुष्काळ सोसले आहेत, आणि दोहोंत साधारण एका पिढीचे अंतर आहे; वडील व आजी यांच्या सांगण्यातला फरकही नेमका तेवढाच आहे. म्हणून पणजोबांचे वय कळले की बराच उलगडा होईल. तुळईवर साल कोरलेले आढळले तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण जुने सागवान एका घरातून दुसऱ्या घरात जात असे. सोपा उतरवण्यापूर्वी प्रत्येक खणाचे माप आणि बळदाच्या तोंडाचे छायाचित्र मात्र नक्की घ्यावे, ही कळकळीची विनंती.

वस्तीकर
मनःपूर्वक आभार. देवघरातल्या पेटीत एक मोडी कागद मिळाला आहे. घडीवर तो फाटू लागल्याने पूर्ण उलगडला नाही, परंतु वरच्या ओळीतले आकडे वाचता आले. तो जुना सर्व्हे नंबर असावा. सोमवारी तहसीलमध्ये त्यावरूनच अर्ज करतो.