बंदराजवळच्या वस्तीत बाग करायचीय, पैसे कुठल्या खात्यातून येतात?

खाडीकाठचा: रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं बंदराचं शहर, नाव नको. वरच्या बाजूला दोन बागा आहेत, जॉगिंग ट्रॅकसकट, आणि खाली आमच्या वस्तीत घराला घर चिकटलेलं, पोरं जाळी वाळत घातलेली असतात तिथेच क्रिकेट खेळतात. एक मोकळा प्लॉट आहे, डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) बागेचं आरक्षण आहे असं म्हणतात, सध्या तिथे मोडक्या होड्या आणि थर्माकोलचे खोके पडलेत. कोणालाही विचारा, उत्तर एकच, निधी नाही. खरंच नसतो का हो?

फायलीतला_माणूस: निधी असतो, पण जागेचा कागद नसला की तो येत नाही. आधी मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचं ते बघा. सरकारी किंवा नगरपरिषदेची असेल तर उत्तम. खाजगी असेल आणि डीपी मंजूर होऊन १० वर्षं झाली असतील तर घाई करा, कारण एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच उडतं, मग बाग विसरा. भरतीरेषेजवळ असेल तर सीआरझेडचंही (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) विचारून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा नियोजनातून येणारं नगरोत्थान (शहरांतल्या कामांसाठीची राज्याची योजना) आहे, आमदार निधी आहे (वर्षाला ५ कोटी, पण अख्ख्या मतदारसंघाला). केंद्राच्या अमृत योजनेचा पहिला टप्पा मुख्यतः लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी होता, २०२१ च्या अमृत २.० मध्ये छोटी शहरंही आली, त्यात मुख्य काम पाण्याचं असलं तरी बागा बसतात. राज्याच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात तुमच्या शहराला बक्षीस मिळालंय का तेही बघा, ती रक्कम पर्यावरणाच्या कामालाच लावायची असते. आणि घरपट्टीच्या बिलावर वृक्ष कर दिसतो का? १९७५ च्या झाडांच्या कायद्यात वृक्ष निधीची तरतूद आहे, तो कुठे खर्च झाला हे माहिती अधिकारात मागा. अर्ज डिसेंबरातच द्या, बजेट एकदा बसलं की मग वर्षभर बोंबला.

मालवणी_मुलूख: ह्या सगळा बरोबर, पण बाबा रे, पाणी कोण घालतलो? फीत कापूक सगळे येतत, मे महिन्यात कोण फिरकणा नाय. आमच्याकडे आमदार निधीतून कंपाउंड, घसरगुंडी, फेवर ब्लॉक सगळा झाला, माळ्याचो पगार त्या निधीत बसत नाय, म्हणून झाडा मेली नि ब्लॉक तेवढे रवले. चार महिने धो धो पाऊस आणि नोव्हेंबरपासून कातळ तापता.

सुरंगी: +१. म्हणून अर्जातच तीन वर्षांची देखभाल घाला, ठेकेदाराच्या टेंडरमध्ये. जवळपास मोठी कंपनी असेल तर सीएसआरसाठी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) पण हेच मागा, बाकं त्यांना आवडतात कारण त्यावर नाव टाकता येतं, पण तुम्ही माळी आणि टँकर मागा. आणि लॉन नको प्लीज! उंडी, भेंडी (भाजीची नव्हे, किनाऱ्यावरचं झाड), करंज लावा, खारा वारा सोसतात. जांभ्यात खड्डा नीट मोठा खणून माती भरून घ्या, नाहीतर मुळं तिथेच गुंडाळून बसतात.

खाडीकाठचा: धन्यवाद सगळ्यांना, सोमवारी मालमत्ता पत्रक काढतो. इथल्या बोअरचं पाणी मचूळ आहे, उंडीला चालेल?

सुरंगी: रोप लहान असताना गोडंच द्या. बर्फाच्या फॅक्टरीवाल्यांना विचारून बघा, त्यांच्याकडे टँकर येतच असेल.