ओरडा नडतो, तशी सुटकाही

"कडक आईमुळेच मुली घाबरट होतात" असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांच्या अभ्यासात दिसलं तसं, काही मुलं उपजतच नवख्या माणसांपुढे बुजतात. मुलगी असली की "गुणी आहे, शांत बसते" म्हणून ते कौतुकात खपून जातं. पाहुण्यांनी "कितवीत गं?" विचारलं की उत्तर आईच देते. मुलीला हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी ती आणखी गप्प. त्याऐवजी मनात पाच अंक मोजून थांबा. आठवड्याला एकच मदत कमी करा. उदाहरणार्थ, दुकानात सुटे पैसे तिनेच मागायचे. "घाबरू नकोस" ऐवजी "भीती वाटतेय ना, तरी जमेल तुला" म्हणा. सगळा आधार एकदम काढलात तर मात्र ती बिथरेल.