चाळिशीनंतर बर्फावर स्केटिंग शिकायचं, तर हेल्मेट घालावं का?

वडगावची_लेक
नमस्कार मंडळी. जानेवारीत भावाकडे कॅनडात ओटावाला जायचं ठरलंय. तिथला रिडो कालवा गोठला की त्यावर 7.8 किलोमीटर स्केटिंग करता येतं, आणि भाऊ मला शिकवणार म्हणतोय. माझं वय 47. इथं बेळगावात लेकीला रोलर स्केटिंगला सोडायला जाते. तिथं हेल्मेट आणि नी-कॅप नसेल तर पोरांना रिंकवर उतरू देत नाहीत. पण भाऊ जे फोटो पाठवायलाय, त्यांत मोठ्या माणसांच्या डोक्यावर नुसत्या लोकरीच्या टोप्या! वहिनी म्हणते, हेल्मेट पोरांना. तुम्ही हळूहळूच चालणार, तुम्हाला कशाला? मला डोक्याला मार लागायची भीती वाटते, आणि चारचौघांत एकटीनंच हेल्मेट घालायचा संकोचही वाटतो. घालावं का? घालायचं तर इथून स्कूटीचं नेऊ की लेकीचं सायकलचं?

मलप्रभाकाठचा
ताई, घालाच. मी खानापूरचा. नोकरीसाठी काही वर्षं ओटावात होतो, पस्तिशी उलटल्यावर तिथंच शिकलो.

हळू चालणार म्हणून तर जास्त गरज. वेगात असलेला माणूस पडला की बराचसा घसरत पुढं जातो. नवशिका जागच्या जागी उभा असतो, घाबरून गुडघे ताठ करतो, भार टाचांवर जातो, पाय पुढं निसटतात आणि तो सरळ पाठीवर पडतो. हात टेकायलाही वेळ मिळत नाही, डोक्याची मागची बाजू आपटते. त्यात हॉकीची स्केट्स मिळाली तर त्यांचं पातं मागूनही गोल असतं, टाचेवर रेलायला आधार नसतो. फिगर स्केटचं पातं टाचेच्या मागं थोडं येतं, पण पुढं दाते असतात, ते अडकून माणूस तोंडावर जातो. शिवाय लहान पोराचं डोकं जमिनीपासून तीन फुटांवर, आपलं पाच-साडेपाच फुटांवर. वहिनींना हे नक्की सांगा.

आमच्यातला एक जण कालव्याच्या कडेला बूट बांधून नुसता उभा होता. फोटोसाठी एक हात वर केला आणि मागं गेला. हेल्मेट आपटल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तो उठून बसला, हेल्मेट काढून बघितलं, तर मानेच्या जरा वर, मागच्या बाजूला, पांढरा लांब ओरखडा. तिथं नुसती टोपी असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता कुठलं. स्कूटीचं नको. जड असतं, कान झाकतं, बाजूनं येणारा माणूस दिसत नाही. सायकलचं उघड्या डोक्यापेक्षा केव्हाही बरं, पण त्यातला फोम एकाच मोठ्या धक्क्यासाठी असतो, चेपला की संपला. आणि मागं ते पुरेसं खाली येत नाही. हॉकीचं हेल्मेट वारंवार पडणाऱ्यांसाठीच बनवतात आणि डोक्याची मागची बाजू नीट झाकतं. इथून काही नेऊ नका. भावाला सांगा, सीएसएचा (कॅनडाच्या मानक संस्थेचा) शिक्का असलेलं बघून ठेव. पुढची कड भुवईच्या वर एक बोट, पट्टा हनुवटीखाली घट्ट. आत पातळ कानटोपी चालते, जाड गोंड्याची नको, हेल्मेट हलतं.

आणि कालव्यावर लाल झेंडा असला तर उतरू नका. तिथला बर्फ हवामानाच्या हातात असतो, 2022-23 च्या हिवाळ्यात तर कालवा उघडलाच नव्हता. पहिले धडे आतल्या रिंकवर घ्या. कालव्यावर भेगा असतात, त्यांत पातं अडकतं.

निपाणीची_सिस्टर
वरचं सगळं बरोबर. मी न्यूरो वॉर्डात काम केलंय, म्हणून एवढंच सांगते. हेल्मेटनं कवटी फुटण्याचा धोका बराच कमी होतो, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. डोकं आपटल्यावर उलटी, झोपाळलेपण, बोलण्यात गोंधळ किंवा वाढती डोकेदुखी झाली तर थेट दवाखाना. त्या दिवशी परत बर्फावर जायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. वय वाढतं तसा मेंदूभोवती रक्तस्राव हळूहळू, काही आठवड्यांनीही होऊ शकतो. निघण्याआधी प्रवासाचा मेडिकल विमा काढाच.

शहापूर_रिंक
अक्का, जायच्या आधी पडायला शिका की. घरात गादी टाका, गुडघे वाकवून अर्धं बसा, एका कुशीवर मांडीच्या बाजूनं पडा. हनुवटी छातीला लावायची, तेवढं केलं की डोकं मागं जात नाही. पडल्यावर मुठी आवळून घ्यायच्या, दुसऱ्याचं पातं बोटांवरून जायला नको. आमच्याकडं पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतो. लेकीबरोबर रिंकवर इनलाइन (एका ओळीत चाकं असलेली स्केट्स) घालून उभं राहिलात तरी तोल कळेल. मनगटाचे गार्डही घ्या.

वडगावची_लेक
सगळ्यांचे आभार. वहिनीला हे वाचायला दिलं, तीही आता स्वतःसाठी बघायलीय. भावाला निरोप गेला. टेपनं डोकं मोजलं, 56 सेंटिमीटर भरलं. माझे केस कमरेपर्यंत आहेत, अंबाड्यावर हेल्मेट बसेल का?

मलप्रभाकाठचा
अंबाडा नको ताई, हेल्मेट पुढं सरकून डोळ्यांवर येतं. मानेपाशी सैल वेणी घाला आणि जॅकेटच्या आत सोडा.