सभाकंप की मंचभीती?

शब्दवेडी: शाळकरी मुलांसाठी वक्तृत्वावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ‘स्टेज फिअर’ला मी ‘सभाकंप’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘मंचभीती’ केलं. सभाकंप हल्ली कुणाला कळत नाही म्हणे. आमची आजी सर्रास म्हणायची, “मला बाई सभाकंप आहे, हळदीकुंकवात उखाणा घेतानाही पाय लटपटतात.” तुमच्याकडे काय म्हणतात?

माळावरचा: सभाकंपच ठेवा. मंचाला कोण भितं? भीती समोर बसलेल्यांची. वर्गात बाकाजवळ उभं राहून बोलतानाही घसा कोरडा पडतो, तिथे मंच कुठला?

ओसरी: पण कंप म्हणजे थरथर. चौथीत असताना 1 ऑगस्टला टिळकांवर भाषण होतं. हात जरासुद्धा हलला नाही. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथवर आले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. बाई खालून पुढचा शब्द सांगत होत्या, तो ऐकू येत होता, तोंडातून निघत नव्हता. आम्ही याला दातखीळ बसली म्हणायचो.

जुनं पान: उलट बाजूनं या. ‘सभाधीट’ शब्द आहेच. धीट आला ‘धृष्ट’वरून, म्हणजे मुळात उद्धट. मराठीनं त्याचं कौतुक केलं. प्रकरणाला ‘सभाधीटपणा’ नाव द्या, भीतीचा शब्दच नको.

ओसरी: कौतुक मुलग्यांचं. आमच्या आईला “फार धीट झालीस” हे फक्त रागावताना ऐकायला मिळालं. तो धृष्ट अजून गेलेला नाही.

माळावरचा: माइकला काय लिहिलंय?

शब्दवेडी: ध्वनिक्षेपक.

माळावरचा: चूक. क्षेपक म्हणजे फेकणारा. आवाज फेकतो कर्णा, माइक तो घेतो. आमच्या जत्रेतला मंडपवाला म्हणतो, “माइक चालू आहे, कर्णा बोलत नाही.” त्याला फरक कळतो, शब्द घडवणाऱ्यांना कळला नाही.

जुनं पान: शब्द रुळलाय, आता अर्थ फोडून उपयोग नाही. आणि फेकण्याचंच म्हणाल तर नाटकवाले ‘आवाजाची फेक’ म्हणतात, ती माणसाची. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली 1875 साली, तेव्हा माइक कुठे होता? शेवटच्या रांगेपर्यंत वक्त्यालाच पोचावं लागे. मला तर ‘फेक’ हा ‘क्षेप’चाच नातू वाटतो.

ओसरी: आवाज जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली असं नाही. मधली रूपं दाखवा.

शब्दवेडी: पुस्तिका सोमवारी छपाईला जातेय. सभाकंप की मंचभीती?

माळावरचा: माइकला माइकच लिहा. मुलं दुसरं काही म्हणत नाहीत.

जुनं पान: मग ‘स्टेज फिअर’नं काय घोडं मारलंय?