ग्राफीनमध्ये धातूचे अणू नेमके बसतात कुठे?

अमळनेरकर:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. फिजिक्सला आहे, सेमिनारला ग्राफीन घेतलंय, म्हणजे कार्बन अणूंची एकाच अणूइतक्या जाडीची जाळी. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस टाकला की तो सिलिकॉनच्या अणूची जागा घेतो. ग्राफीनमध्ये सोनं, लिथियम घालतात तेही तसंच का? मग षटकोनी जाळी मोडत नाही का? सरांनी विचारलं तर धड सांगता यायला हवं.

तापीकाठ:
जाळीला हातच लागत नाही, भाऊ. धातू जाळीत नाही, जाळीखाली जातो. म्हणून तर ही रीत मला इतकी आवडते.

मी चोपड्याची. बरीच वर्षं व्हॅक्यूम चेंबरपाशी गेली, म्हणून सविस्तर लिहिते. सिलिकॉन कार्बाइड खूप तापवलं की वरचं सिलिकॉन उडून जातं आणि उरलेल्या कार्बनची जाळी बनते. पण पहिला थर नावालाच ग्राफीन. त्यातले साधारण एक तृतीयांश अणू खालच्या सिलिकॉनला घट्ट धरून असतात, मांडा खापराला चिकटावा तसे. त्यावर सोन्याचा अगदी विरळ थर देऊन पुन्हा तापवलं की सोनं कडांतून, दोषांतून खाली शिरतं आणि ते बंध सुटतात. हायड्रोजननेही सुटतात, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं.

मग प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजायचा. आधी पडद्यावर धूसर पट्टे असतात. सोनं खाली गेलं की तिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन सरळ रेषा उमटतात, ही सुट्या झालेल्या ग्राफीनची खूण. तेव्हा सगळी लॅब पडद्याभोवती गोळा होते!

लिथियम इलेक्ट्रॉन देतं, म्हणून तो छेदबिंदू फर्मी पातळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेच्या, खाली जातो. जर्मेनियम किती घातलं त्यावर तो खालीही नेता येतो, वरही.

भुसावळकर:
ताई, मग बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला जागा नसलेली ऊर्जेची फट, पण पडतो का? ट्रान्झिस्टरला तोच लागतो ना.

तापीकाठ:
नुसते इलेक्ट्रॉन देऊन नाही पडत. जाळीतले अणू एकाआड एक असे दोन गटांत मोडतात; या दोन्ही उपजाळ्या सारख्या आहेत तोवर त्या रेषा भेटणारच. दोन थरांचं ग्राफीन घेऊन वरच्या-खालच्या थरांच्या विभवात (व्होल्टेजमध्ये) फरक पाडला तर पडतो. २००६ मध्ये वरून पोटॅशियम टाकून तो गॅप कमी-जास्त करून दाखवला. आणि दोन थरांच्या मध्ये कॅल्शियम घातलं तर सुमारे ४ केल्विनला ते अतिसंवाहक होतं.

धुळेकर:
मी बॅटरीवाला माणूस. सेमिनारला मोबाईलच्या बॅटरीचं उदाहरण आधी घे. तिच्यातलं ग्रॅफाइट म्हणजे एकावर एक रचलेले ग्राफीनचे थर. ग्रॅफाइटच्या थरांत ३.३५ अँगस्ट्रॉम अंतर असतं, लिथियम शिरलं की ते ३.७ च्या आसपास जातं. पूर्ण चार्ज झालेलं काळं ग्रॅफाइट चक्क सोनेरी दिसतं. पण बघायला म्हणून बॅटरी फोडू नको, पेट घेते.

अमळनेरकर:
आभारी आहे. ताई, ती रेषांची मोजणी आपल्या जवळपास कुठे होते?

तापीकाठ:
इंदूरला, इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अशा मोजणीसाठी तीव्र प्रकाश देणाऱ्या मोठ्या यंत्रावर. अर्ज गाइडमार्फत कर, आणि नमुना कसा बनवणार ते त्यात नीट लिही.