'द वायर': चार भाग झाले, मन रमत नाही. पुढे बघावी का?

सांजवेळ:
नमस्कार मंडळी. मुलं झोपली की आम्ही दोघं रोज एक भाग बघतो, तेवढाच आमचा वेळ. क्राइम मालिका दोघांनाही आवडतात. 'द वायर' या पोलिस आणि ड्रग्जच्या टोळीवरच्या अमेरिकन मालिकेचं नाव कुठल्याही यादीत वरच दिसतं. २०२१ मध्ये बीबीसीने ४३ देशांतल्या २०६ जाणकारांना एकविसाव्या शतकातल्या सर्वोत्तम मालिका विचारल्या, तिथेही पहिला नंबर हिचाच. म्हणून मोठ्या अपेक्षेने सुरू केली.

चार भाग झाले. पात्रं इतकी की नावं डोक्यात राहत नाहीत. गल्लीत ड्रग्ज विकणारी पोरं काय बोलतात ते निम्मं कळत नाही. खून कोणी केला ते पहिल्याच भागात उघड आहे, मग शोधायचं काय? नाव 'वायर', म्हणजे फोन टॅपिंग, पण त्याचा अजून पत्ता नाही. नवरा म्हणतो सोडू या. मला मात्र वाटतं, एवढे लोक उगाच म्हणणार नाहीत. ज्यांनी पूर्ण पाहिली आहे त्यांनी मनापासून सांगा. कथा फोडू नका, प्लीज.

खिडकीपाशी:
सांजवेळताई, सोडू नका. आधी सबटायटल्स लावा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या पश्चिम भागातली बोली आहे ती, कान सरावायला वेळ लागतोच.

दुसरं म्हणजे खुनी शोधायची सवय बाजूला ठेवा. मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन 'बाल्टिमोर सन' या वर्तमानपत्रात गुन्हेगारीच्या बातम्या करायचा. त्याचा जोडीदार एड बर्न्स वीस वर्षं तिथल्या पोलिसांत होता, नंतर शाळेत शिक्षक झाला. जे जवळून पाहिलं तेच या दोघांनी लिहिलं. एक केस उभी करायला किती कागद लागतात, किती साहेबांच्या सह्या लागतात, कोण मुद्दाम पाय ओढतं, हीच इथली कथा. टॅपिंग उशिरा येतं कारण तशी परवानगी सहज मिळत नाही. साधे उपाय थकले हे आधी न्यायाधीशाला दाखवावं लागतं. तुम्ही सध्या त्याच खटपटीत आहात. सहाव्या भागाचं नावच 'द वायर' आहे, तिथपर्यंत तरी जा.

आणि चौथ्या भागातला स्वयंपाकघराचा प्रसंग तुम्ही पाहिलाय! आज रात्री तेवढाच पुन्हा बघा. मॅकनल्टी आणि बंक हे दोघे डिटेक्टिव्ह जुन्या खुनाच्या जागी जातात. फोटो जमिनीवर मांडतात, टेप लावून अंतर मोजतात, गोळी खिडकीतून आली असणार हे हळूहळू त्यांच्या ध्यानात येतं. फ्रिजच्या दारातून गोळी उपसून काढतात, मग बाहेर जाऊन काडतुसाचं टरफल. एवढ्या वेळात दोघांच्या तोंडी फक्त एक शिवी, वेगवेगळ्या सुरांत. कोणी काही समजावून सांगत नाही, तरी सगळं कळतं. मालिका बघायची कशी, ते या एका प्रसंगात आहे.

रानवाट:
माझं मत वेगळं आहे. मी पूर्ण पहिला सीझन पाहिला आणि थांबलो, त्याची खंत नाही. अभिनय उत्तम, सचोटी उत्तम, पण दिवसभराच्या कामानंतर इतकं लक्ष देणं मला झेपलं नाही. प्रसारण चालू असतानाही प्रेक्षक कमीच होते. एमी या टीव्ही पुरस्काराची नामांकनं आली दोन, दोन्ही लेखनासाठी, आणि बक्षीस एकही नाही. म्हणजे तेव्हाही सगळ्यांना भिडली होती असं नाही. ताई, नाही आवडली तर ती तुमची कमतरता समजू नका.

भरती-ओहोटी:
पुढे गेलात तर दुसऱ्या सीझनसाठी आधीच सांगून ठेवतो. पहिल्या सीझनची गल्ली, ती पोरं, सगळं मागे पडतं आणि गोष्ट बंदरावर जाते. बरेच प्रेक्षक तिथेच चिडतात, आणि 'दुसरा वगळा, सरळ तिसरा लावा' असा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे मिळतो. कृपा करून तो ऐकू नका.

माझे वडील मुंबईच्या गोदीत होते. हातातल्या हूकने गोणी ओढायची, टोळीने जहाज रिकामं करायचं. १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झालं, कंटेनर वाढत गेले, आणि घरात 'आज काम निघालं का?' हा प्रश्न रोजचा झाला. दुसऱ्या सीझनमधला फ्रँक सोबोट्का हा गोदी कामगारांच्या युनियनचा माणूस. त्याचा हट्ट एकच, धान्याचा धक्का परत सुरू व्हावा आणि कालव्यातला गाळ काढावा, म्हणजे मोठी जहाजं येतील. त्यासाठी तो नको त्या लोकांशी हातमिळवणी करतो. एका प्रसंगात त्याला रॉटरडॅमच्या बंदराची फिल्म दाखवतात, सगळं यंत्रावर, माणूस जवळजवळ नाहीच. दाखवणारा खुशीत असतो. फ्रँकचा चेहरा बघा तेव्हा. तो चेहरा मी आमच्या जेवणाच्या ताटासमोर पाहिलाय. गोदीतलं काम आटणं आणि गल्लीतल्या पोरांचं ड्रग्ज विकत कोपऱ्यावर उभं राहणं, या दोन गोष्टींचा सांधा दुसऱ्या सीझनशिवाय जुळत नाही.

खडू-फळा:
गोदीवाले दादा, वाचून गलबलून आलं.

मी चौथ्या सीझनसाठी लिहितेय. मी शिक्षिका आहे, सातवी-आठवीला गणित. समीक्षकांनी सर्वांत जास्त उचलून धरला तो हाच, समीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर त्याला शंभरपैकी ९८ गुण आहेत, पहिल्याला ७९. गुणांवर माझा फारसा विश्वास नसतो, पण इथे ते पटतात.

पोलिस खात्यातून बाहेर पडलेला एक जण गणिताचा शिक्षक होतो (कोण ते सांगत नाही). वर्ग हाताबाहेर. मग त्याला शाळेच्या कोठारात नव्या कोऱ्या पुस्तकांचे गठ्ठे सापडतात, कोणी वाटलेच नव्हते. तिथल्याच बैठ्या खेळांच्या डब्यांतले फासे काढून तो मुलांना संभाव्यता शिकवतो. जुगार खेळणारी पोरं क्षणात जागी होतात! आणि तेवढ्यात वरून आदेश येतो की आता फक्त परीक्षेचे प्रश्न घोटून घ्या, शाळेची टक्केवारी वर दिसली पाहिजे. त्याला लगेच ओळख पटते, कारण खात्यात गुन्ह्यांचे आकडेही असेच सजवले जायचे. माझ्या आधीच्या शाळेत मीही असे तक्ते भरलेत. त्या रात्री मला झोप आली नाही.

ड्युकी नावाचा मुलगा आहे, कपडे मळके, म्हणून बाकीची लांब बसतात. वर्गात एक भयंकर प्रकार घडतो, सगळे हादरलेले असतात, आणि हा मुलगा आपला बॅटरीवरचा छोटा पंखा घेऊन सुन्न बसलेल्या मुलीसमोर धरतो. एक शब्द नाही. मालिकेचे साठ भाग आहेत, मला पहिल्यांदा आठवतो तो हा पंखा.

उंबरठा:
कौतुक सगळं रास्त आहे, पण दोन उणिवा सांगायलाच हव्यात. बायकांची पात्रं मोजकी, आणि पोलिसातली किमा सोडली तर बहुतेकींना खोली कमी. आणि पाचवा सीझन. तो वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो, भाग दहाच. त्यात एक पोलिस जे करतो (कथा फोडत नाही) ते आधीच्या चार सीझनच्या काटेकोरपणाशी विसंगत वाटतं. अनेक समीक्षकांनी आणि निष्ठावान प्रेक्षकांनीही तेव्हा हेच म्हटलं. मार्क बोडेन या पत्रकाराने 'अटलांटिक' मासिकात लिहिलं होतं की सायमनच्या रागामुळे चित्र वास्तवाहून काळं होतं. मला ते पूर्ण पटत नाही, पण पाचव्यातल्या संपादकांबद्दल पटतं. तरी शेवटचा भाग चुकवू नका.

खिडकीपाशी:
उंबरठा, पाचव्याबद्दल सहमत. ताई, आणखी एक: मूळ चित्रण चौकोनी पडद्याचं, म्हणजे ४:३ होतं, २०१४ मध्ये रुंद पडद्याची आवृत्ती निघाली. दोन्हींत निवड करता आली तर मूळ बघा. माणसांची गर्दी, अरुंद जिने, छोट्या खोल्या त्यात जास्त अंगावर येतात. एका वेळी दोन भाग बघा, एकाने सूर लागत नाही. आणि कोण कोणाच्या हाताखाली, हे कागदावर लिहून ठेवा. बघताना मी पोलिसांची आणि बार्क्सडेलच्या ड्रग्ज टोळीची अशा दोन उतरंडी लिहिल्या होत्या.

सांजवेळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट, तुमचंही, कारण त्यामुळे मनावरचं ओझं गेलं.

काल मुलं झोपल्यावर सबटायटल्स लावून तिसऱ्या भागातला बुद्धिबळाचा प्रसंग आधी लावला, कारण नवऱ्याचं लक्ष तिथेच उडालं होतं. अंगणात नारिंगी सोफा, पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी भलताच खेळ खेळतायत, आणि टोळीतला डी'अँजेलो त्यांना राजा कोण, वजीर कोण, प्यादी कोण ते सांगतो. नवरा उठून बसला. म्हणाला, "हा आपल्या टोळीबद्दल बोलतोय!" मग पाचवा आणि सहावा सलग पाहिला. सहाव्याची सुरुवात बघून दोघंही गप्प झालो.

वहीत दोन उतरंडी काढल्यात. पोलिसांच्या बाजूला पथकाचा प्रमुख डॅनियल्स, त्याच्या वर कोण, तिथपर्यंत आलोय. दुसरा सीझन वगळणार नाही, भरती-ओहोटी दादा. तिथे पोहोचलो की गोदीतल्या कामाचे शब्द विचारायला इथेच येईन.